शिपायाला मारायचा शॉट

"मारा, अजून मारा," दिग्दर्शक भोंग्यातून ओरडत होता. सिनेमातल्या जुलमी सरकारचा शिपाई चिखलात पडला होता आणि गर्दीतल्या बायका रबरी काठ्यांनी त्याला झोडपत होत्या. त्यांत रोजंदारीवर आलेली सगुणाबाईही होती. तिचा मुलगा उत्तम मोर्च्यात पोलिसांच्या लाठीने गेला, त्याला चार वर्षं झाली होती.

तिने काठी फेकली. शिपायाचं घरंगळलेलं हेल्मेट उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा, दोनदा, पाचदा. "कट" म्हटलेलं तिला ऐकूच आलं नाही. चौघांनी तिला मागे ओढलं, तेव्हा शिपाई झालेल्या दिगंबरचे दोन दात चिखलात पडले होते.

दिग्दर्शक मॉनिटरकडे पाहत म्हणाला, "हाच शॉट ठेवू. थिएटरात टाळ्या पडतील."

सगुणाबाई खाली बसली. दिगंबरच्या फुटलेल्या भुवईवर तिने पदर दाबून धरला.

"मावशी, कुणाला मारत होतात?" त्याने रक्त थुंकत विचारलं.

"ज्यानं माझ्या पोराला मारलं, त्याला."

"तो माझ्यासारखा दिसतो?"

"ठाऊक नाही रे," ती म्हणाली. "त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नाही."