पट्टा सैल झाला की निघायचं

पट्ट्याची कडी खळ्कन वाजली आणि दुपारची शांतता मोडली. शेल्टरमधून आणलेला कुत्रा, धोंडू, सोफ्याखालून बाहेर आला. परवा त्याच्यामागे फरपटत जाऊन केतकीने गुडघे फोडून घेतले, तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं, "पुन्हा ओढलं त्याने, तर परत देऊन यायचं."

म्हणून आज, चार व्हिडिओ पाहून तज्ज्ञ झालेली केतकी चिमुकल्या ओवीला रस्त्यावर धडे देत होती. "त्याने ओढलं की आपण खांबासारखं उभं राहायचं. पट्टा सैल झाला की निघायचं. घाई नाही, आरडाओरडा नाही."

आणि धोंडू खरंच शहाण्यासारखा चालला. केतकीची कॉलर ताठ झाली. तो एका झाडाशी निवांत हुंगत थांबला आणि तिला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. तिने एका हाताने पट्टा खेचला, दुसऱ्या हाताने लेकीला.

"चला रे, पाय उचला लवकर," ती गरजली.

दोघंही खांबासारखी उभी राहिली.

"आई," ओवीने अगदी काळजीने विचारलं, "आता तूच ओढलंस. तुला कुठे परत द्यायचं?"