रेघेला रेघ

थोरले मास्तर दुकानात शिरले तेव्हा त्यांचं शिलाई मशीन जागेवर नव्हतं. इतकी वर्षं आतल्या भिंतीशी असलेलं मशीन दाराशी आणून ठेवलं होतं. त्यावर नवा मोठा बल्ब लोंबत होता आणि शेजारच्या उशीत दोरे ओवलेल्या सुया ओळीने खोचलेल्या होत्या.

"हे कुणी केलं?"

"मीच, दादा," धाकटा भाऊ कापड बेतता बेतता म्हणाला. "इथे वारा येतो."

"मी वारा मागितला होता?"

"राहू दे ना. नाही जमलं तर परत आत ठेवू."

थोरले बसले. आज दाराशी, उद्या दाराबाहेर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

धाकट्याला वर्षाच्या सुरुवातीला एक खूळ लागलं होतं. रोज कुणाचं तरी एक काम आपणहून करायचं, आणि ज्याचं केलं त्याला पत्ता लागू द्यायचा नाही. पत्ता लागला तर ते काम बाद, दुसरं करायचं. हे त्याने स्वतःशीच ठरवलं होतं, पण बायकोजवळ बोलला आणि गल्लीभर झालं. शेजारचा सायकलवाला रोज हाक मारायचा, "काय धाकटे मास्तर, आज कुणाचा नंबर?"

सगळे हसायचे. थोरले मास्तर हसत नसत. फुकट आलेल्या वस्तूच्या मागून तिचा मालक येतोच, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

"एवढा भला वागतोय, निवडणुकीला उभा राहणार की काय?" ते घरी म्हणाले.

"तुम्हाला कुणी चांगलं वागलेलं बघवतच नाही," बायको म्हणाली. पण ती हसली नाही, हे त्यांच्या लक्षात राहिलं.

दुकान बापाच्या वेळचं, दोघांचं. धाकटा बेतायचा, थोरले शिवायचे. चौकडीचं कापड घेऊन लोक लांबून यायचे, कारण शिवणीवर रेघेला रेघ जुळवावी ती थोरल्या मास्तरांनीच. त्यांच्या हातचा जोड शोधून सापडत नाही, असं गावभर बोललं जाई. ते नाव हीच त्यांची इस्टेट होती.

दुपारी ते जेवायला घरी जात आणि घटकाभर आडवे होत. एका दुपारी झोप लागेना म्हणून ते तसेच परत फिरले. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. वाकून पाहिलं, तर धाकटा पाठमोरा बसलेला. मांडीवर थोरल्यांनी सकाळीच शिवलेला सदरा, हातात ब्लेड. एकेक टाका तो उसवत होता.

थोरले पाऊल न वाजवता मागे आले.

म्हणजे असं होतं तर. सदरे अंगावर फाटणार, गिऱ्हाइकं बोंबलत येणार, थोरल्यांचं नाव मातीत जाणार आणि दुकान आपसूक धाकट्याच्या पदरात पडणार. म्हणून तो बल्ब, म्हणून त्या सुया. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

बायकोला सांगितलं. ती बराच वेळ भांडं विसळत राहिली.

"त्याला काही बोलू नका," एवढंच म्हणाली.

म्हणजे हीसुद्धा त्यांच्यातलीच.

थोरले खरंच काही बोलले नाहीत. दवाखान्यातला कंपाउंडर मुलीच्या लग्नात घालायच्या कोटासाठी चौकडीचं भारी कापड घेऊन आला, तेव्हा त्यांनी ते काम छातीशी धरलं. जेवणाचा डबा दुकानातच मागवला. संध्याकाळी अर्धा कोट पिशवीत घालून घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा, असा क्रम लावला.

"दादा, कोट ठेवून जा. इस्त्री मी मारतो."

"नको."

"काजं तरी करू दे."

"झाली."

धाकटा घुटमळला. "मग देण्याआधी एकदा मला बघू दे."

"का? पसंत करायचाय? तुझं लग्न झालंय."

सायकलवाला खिदळला. धाकटा मात्र रात्रभर जागल्यासारखा दिसत होता. चोराच्या मनात चांदणं, थोरले मनात म्हणाले.

कोट न्यायला कंपाउंडर मुलीला घेऊन आला, तेव्हा थोरल्यांनी सायकलवाल्यालाही बोलावून घेतलं. "साक्षीला थांब. कोट दिला की आम्हा भावांच्या वाटणीचं बोलायचंय."

धाकट्याने मान खाली घातली.

"हा बघा," थोरल्यांनी कोट कंपाउंडरच्या अंगावर चढवला. "पहिल्या टाक्यापासून माझ्या हातचा. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही."

कंपाउंडर आरशासमोर उभा राहिला. सायकलवाल्याने काहीतरी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"बाबा, जरा वळा बरं," मुलगी म्हणाली. मग चाचरत, "मास्तरकाका, पाठीवरची चौकडी जुळत नाहीये हो. एक बाजू बोटभर खाली गेलीय."

"कुठे?"

"ही काय. मानेपासून खालपर्यंत."

"दादा, राहू दे," धाकटा घाईने पुढे आला. "माझंच बेतताना चुकलं असेल. मी करून देतो."

"तू गप्प बस."

थोरल्यांनी कंपाउंडरला दंडाला धरून दारातल्या उन्हात उभं केलं. ते त्याच्या पाठीवर वाकले. नाक कापडाला टेकेपर्यंत वाकले आणि वरपासून खालपर्यंत शिवण पाहत गेले.

त्यांना तरी रेघेला रेघ अगदी तंतोतंत जुळलेली दिसत होती.