बोंबलाचा वास

तारेच्या घासणीनं रेश्माची बोटं सोलवटून निघाली, पण ओव्हनमधला बोंबलाचा वास काही हलायला तयार नव्हता. सोड्याचा लेप लावून झाला, लिंबाचं पाणी आत ठेवून वाफ देऊन झाली, काच झाली, जाळ्या झाल्या. आता ती वरच्या दांड्यांच्या मागं बोट घालून चिकटलेलं तेल खरवडत होती. ओव्हनची पिन काढलेली होती, तरी मधेच हात थबकायचा आणि ती वायरकडं बघायची. जीव थाऱ्यावर नसला की असंच होतं.

संध्याकाळी गावालगतच्या सोसायटीतल्या जुईली मॅडमच्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. त्यांच्या घरात अंडंसुद्धा चालत नव्हतं. केक बिनअंड्याचा हवा होता आणि अर्धी सोसायटी तो खाणार होती. रेश्माच्या नवऱ्यानं, निलेशनं, आधीच बजावलं होतं, "ह्या वाढदिवसाचं नीट झालं तर केकचा धंदा चालू ठेव. न्हाईतर इकून टाकू हे धूड." एका घासाला जरी वास लागला, तर अख्ख्या जांबे गावात तिच्या हातचा केक कुणी खाणार नव्हतं. मग ओव्हन गेला, आणि ती पुन्हा होती तिथंच.

आणि हे केलं कुणी? रत्नाबाईंनी, म्हणजे सासूनं! रेश्मा माहेरी कोळवणला गेली काय, इकडं यांनी तिच्या ओव्हनमध्ये सुके बोंबील भाजले. केकशिवाय काही घालू नका, असं तिनं हात जोडून सांगितलं होतं. मागं चूल होती, गॅस होता, तवा होता. पण नाही! मुळात ओव्हन आला तेव्हापासूनच तो त्यांच्या डोळ्यांत खुपत होता. "घर हाय का बेकरी?" असं त्या येताजाता म्हणायच्या. आज सकाळी जाब विचारला, तर बाई सूप उचलून पडवीत गेल्या. तेव्हापासून त्या तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होत्या.

रेश्मानं घासणी ठेवली, कोरड्या फडक्यानं ओव्हन आतून पुसला आणि डोकं आत घालून हुंगलं. वास होता? की नव्हता? हुंगून हुंगून तिच्या नाकाला काही कळेनासं झालं होतं. मैदा चाळून तयार होता. वेळ हातातून निसटत चालला होता. निलेश ड्यूटीवर गेलेला. घरात दुसरं नाक एकच होतं.

"आत्या, जरा हिकडं या." सासूला ती आत्याच म्हणायची, पण आज त्यात माया नव्हती. "वास येतोय का बघा. आन् खरं सांगा."

रत्नाबाई आल्या. गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या. अख्खं तोंड त्यांनी ओव्हनमध्ये घातलं आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

"न्हाई येत."

रेश्माचा विश्वास बसेना. केक बिघडावा, हेच तर यांना हवंय! तिनं मोरीतलं फडकं उचललं. सकाळी पहिल्यांदा तेल पुसलं होतं ते. हातभर लांबूनही त्याचा वास नाकात घुसत होता. तिनं ते सासूच्या नाकासमोर धरलं.

"आन् ह्याला?"

रत्नाबाईंनी फडक्याकडं पाहिलं, मग सुनेकडं. 'येतो' म्हणून खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनी श्वास ओढला, पुन्हा ओढला.

"ह्याला बी न्हाई," त्या म्हणाल्या आणि तिथंच फरशीवर बसल्या.

"काय थट्टा लावलीय माझी?" रेश्मा ओरडली.

"थट्टा न्हाई गं. आखाडात ताप आला, तवापासनं मला कशाचाच वास येत न्हाई. फोडणीचा न्हाई, दूध करपल्याचा न्हाई. बोंबलाचा तरी येईल म्हनलं. तव्यावर भाजला की वास उडून जातोय, म्हनून तुझ्या पेटीत कोंडून भाजला. दार उघडून तोंड घातलं, तर नुसती धग लागली."

रेश्मा फडकं हातात धरून उभी राहिली. सकाळपासूनचा सगळा राग तिनं मनात शोधला. तो सापडेना. तिला एकदम भीती वाटली, आणि ती केकची नव्हती.

रत्नाबाईंनी हाताला आली ती तिच्या साडीची कड घट्ट धरली.

"निलेशला सांगू नगंस, पोरी. मला गॅस सुटलेला बी कळायचा न्हाई, म्हनून गॅसपाशी उभं ऱ्हाऊ द्यायचा न्हाई त्यो. सैपाकघरातनं उठवल मला."