पाण्याची गोडी

वसतिगृहातली चौथी मुलगी काविळीनं आडवी झाली, तेव्हा रेक्टर मंदाकिनी खराडेंनी सूचना टाइप केली, ‘टाकीचं पाणी पिऊ नका.’ पण कॉलेजभरच्या पडद्यांवर झळकलं, ‘आमच्या पाण्याची गोडीच वेगळी.’

त्यांनी तडक माइक हातात घेतला. कर्ण्यातून त्यांचाच आवाज आला, पण मधात घोळलेला आणि तेच वाक्य बोलणारा. खोल्याखोल्यांतून सांगत फिरल्या, तर मुली पडद्याकडे बोट दाखवू लागल्या.

“कॉलेजचा सूर एकच हवा, मॅडम,” प्राचार्य मोकाशी म्हणाले. “पडद्यावर, कर्ण्यावर जाणारा शब्द न् शब्द आपलं यंत्र सुधारतं. त्यात आज तपासणी समिती आलीय.”

“पोरी मरायला टेकल्या तरी सूर तोच?”

प्राचार्य समितीच्या स्वागताला खाली निघून गेले.

मंदाकिनीबाईंनी पदर खोचला आणि गच्चीवर जाऊन टाकीच्या तळाचा कॉक पूर्ण उघडून दिला. हिरवट, कुबट पाणी बाहेरच्या भिंतीवरून, तिथल्या झळकत्या पडद्यावरून ओघळत खाली उभ्या असलेल्या समितीच्या बुटांपर्यंत पोचलं. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

बाई कठड्यावरून वाकल्या.

“सर, आता एवढं सुधारून दाखवायला सांगा तुमच्या यंत्राला.”