ओठांपुरतं चित्र

"चेहरा नको दादा, ओठ हवेत," बाई म्हणाली आणि जुन्या व्हिडिओंच्या दुरुस्तीवाल्याची पंचाईत झाली.

चेहऱ्यांत त्याचा हातखंडा होता. वीस वर्षांपूर्वीच्या लग्नाची डीव्हीडी आणा, दुकानातल्या भिंतभर टीव्हीवर तो नवरीला अशी तुकतुकीत करून दाखवी की ती स्वतःवरच खूश होऊन जाई. आजही त्याने बाईच्या लग्नाच्या डीव्हीडीवर हौसेनं सगळी सफाई चढवली होती. त्यात बाईचे वडील गुळगुळीत झाले होते आणि ओठ पार हनुवटीत विरघळले होते.

बाईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. समोरच्याचे ओठ वाचून ती बोलणं ओळखायची. लग्न लागलं, ती रागारागाने गाडीत जाऊन बसली, तेव्हा वडील मागे उभे राहून काहीतरी बोलले होते. डीव्हीडी हातात आली तोवर ते वारले होते. घरच्या जुन्या टीव्हीवर ओठ मुगाएवढे दिसायचे. बरं, ऐकू येणाऱ्यांना विचारावं, तर शूटिंगवाल्याने नेमकं तिथेच आवाज काढून गाणं घातलेलं.

"लग्न त्यांच्या मनाविरुद्ध होतं," ती म्हणाली. "शिव्या देत होते की आशीर्वाद, तेवढं कळलं की सुटले मी."

दुरुस्तीवाला हिरमुसला, पण माणूस भला होता. त्याने सफाई काढून टाकली. भिंतभर ताणलेलं चित्र आवळून निम्म्यावर आणलं. सफाई गेल्यावर पडद्यावर ठिपकेच ठिपके झाले. असलं चित्र एरवी गिऱ्हाईकाला दाखवायची त्याला लाज वाटली असती.

"जरा लांबून बघा, ताई," तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला.

ती चार पावलं मागे सरकली. ठिपके एकमेकांत मिसळले आणि वडिलांचे ओठ हलू लागले. तिने एकदा पाहिलं, दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. तिसऱ्या वेळी तिचेही ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

"शिव्या?" त्याने भीतभीत विचारलं.

"नाही हो." तिला रडू आवरेना. "म्हणतायत, 'मागे बघ गं. एकदा तरी मागे बघ.' दादा, मला ऐकू येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?"

पडद्यावर गाडी सुटली, वळली, दिसेनाशी झाली. वडील अजून बोलतच होते.