विरजणाचं पाणी

नीलाक्षी रोज जाळीने पानं काढायची, कडा घासायची, तरी मागच्या अंगणातला तिचा पोहण्याचा तलाव हिरवट तो हिरवटच. कुंपणापलीकडे रेवतीचा तलाव मात्र तळ दिसेल इतका नितळ. नीलाक्षीचा जळफळाट व्हायचा. शेवटी नवऱ्याला न सांगता तिने रेवतीकडे आपल्या तलावाला विरजण लावायला तिच्या तलावातलं तांब्याभर पाणी मागितलं.

रेवतीने आढेवेढे घेतले, पण विरजणाला नाही कसं म्हणणार? "यातले जंतू ओळखीच्या अंगाभोवतीच घाण खातात, वहिनी," ती म्हणाली. "ओळख व्हायला महिनाभर रोज पोहावं लागतं."

आठवड्यात विरजण लागलं, पण नीलाक्षी उतरली की पाणी गढूळच राही. "मेलं अजून तिचंच आहे," ती पुटपुटली.

रविवारी जाळी हातातून निसटून तलावात पडली. तिने सुधन्वाला हाक मारली. त्याला पाण्याची भीती. लग्नाला अकरा वर्षं झाली, तो या तलावात कधी उतरलाच नव्हता. आजही तो कुरकुरत जेमतेम दुसऱ्या पायरीवर उभा राहिला.

त्याच्या पोटऱ्यांभोवतीचं पाणी निवळलं. बघता बघता तळाची फरशी दिसायला लागली.

सुधन्वाने झटकन पाय वर घेतला.

"हे पाणी कुठून आणलंस?" त्याने विचारलं.