चिडीचूप

बेकरीच्या मालकाने सगळ्यांदेखत त्याचं तोंड हुंगलं. मागे भट्टीतून धूर येत होता. लांब दांड्याची फळी हातात धरून भट्टीवाल्याचा उभ्या उभ्या डोळा लागला होता आणि आतल्या पावाचा पार कोळसा झाला होता. मालकाला कसलाच वास आला नाही. तो मागे सरला आणि वैतागून म्हणाला, "प्यायलेला असतास तर निदान समजलं तरी असतं."

मैदा मळणारे दोघे फिदीफिदी हसले. भट्टीवाल्याने मान खाली घातली आणि जळका पाव टोपलीत भरायला घेतला. पीत होता तेव्हा त्याच्या हातून एक पाव करपला नव्हता. सोडली आणि हे असं. दारू सोडणाऱ्याची झोप काही महिने रुसून बसते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. धीर धरा, म्हणाले होते. सांगायला त्यांचं काय जातंय?

रात्रपाळी संपवून तो सकाळी घरी यायचा, अंघोळ करून आतल्या खोलीत पडायचा आणि डोळे मिटून नुसता जागा राहायचा. अंग आंबून गेलेलं असायचं. झोप मात्र यायचं नाव घ्यायची नाही.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती घरच्यांची. तो आडवा झाला की घर चिडीचूप व्हायचं. बायको भांडं उचलायची तेही तान्ह्या मुलासारखं. शाळेतून आलेली मुलगी दप्तर असं ठेवायची, जणू त्यात अंडी आहेत. आपल्या झोपेसाठी या दोघी श्वाससुद्धा जपून घेतात आणि आपल्याला साधं झोपता येत नाही, म्हणून तो तळमळायचा. ज्या माणसाने या घराला कधी सुखाने दोन घास खाऊ दिले नाहीत, त्याचे हे लाड. त्याला स्वतःची किळस यायची.

म्हणून पाव जळाले त्या सकाळी घरी येताना त्याने एक छोटी बाटली घेतली. पिण्यासाठी नाही, झोपेसाठी, असं त्याने स्वतःला पटवलं. स्वतःला बनवण्यात तो पहिल्यापासून तरबेज होता. बाटली कोटाच्या खिशात ठेवून त्याने कोट नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या दाराशी खुंटीला लावला आणि जाऊन पडला. दुपार झाली. मुलगी शाळेतून आली. घर तसंच गप्प. शेवटी त्याला राहवेना. उठून, अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने तो कोटापाशी गेला. हात खिशात घातला तेवढ्यात आतून मुलीची कुजबुज ऐकू आली.

"आई, बाबा अजून घोरत नाहीयेत. मग शाळेतली गंमत कधी सांगू?"

"थांब जरा," बायको तितक्याच हळू म्हणाली. "घोरायला लागू देत. माहितीये ना तुला?"

त्याचा हात खिशातच राहिला. पिऊन यायचा तेव्हा कुणाच्या हसण्यावरून, ताट वाजल्यावरून, कशावरूनही त्याचं डोकं फिरायचं आणि हात उठायचा. तो घोरायला लागला की मगच दोघींचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे ही शांतता त्याच्या झोपेसाठी नव्हतीच. त्याने दारू सोडली तरी दोघी अजून जीव मुठीत धरून बसत होत्या, आणि तो त्याला लाड समजत होता.

बाटली तिथेच सोडून तो परत फिरला. आत जाऊन सांगावं, आता घाबरू नका, असं त्याच्या मनात आलं. पण हे तर त्याने उतरल्यावर दरवेळी सांगितलं होतं. तो अंथरुणावर पडला, डोळे मिटले आणि घोरू लागला. आपण कसे घोरतो हे कुणालाच ठाऊक नसतं. त्याने आपलं अंदाजाने रेटलं, मधेच अडकल्यासारखं करून.

आधी एक भांडं वाजलं. मग खुर्ची सरकली. मग मुलगी चक्क मोठ्याने बोलायला लागली. गाण्याच्या तासाला बाईंच्या टेबलाखाली मांजर येऊन बसलं होतं आणि बाईंनी सूर लावला की तेही लावत होतं. मुलीने बाईंचा आवाज काढला, मग मांजराचा, आणि स्वतःच खळखळून हसली. हसताना तिला मधेच उचकी लागते, हे त्याला माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती हसायची तेव्हा तो खरोखर घोरत पडलेला असायचा.  तो घोरत राहिला.

बायकोचा आवाज मात्र बंद झाला होता. दारूशिवाय हा माणूस असा अडकत अडकत घोरत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. खुंटीवरचा कोट हलल्याचा आवाज झाला. पावलं आत आली. पापण्यांच्या फटीतून त्याला तिच्या हातातली बाटली दिसली. सील तसंच होतं. ती खाली वाकली आणि त्या एका दिवसात दुसऱ्यांदा कुणीतरी त्याचं तोंड हुंगलं. लाजेने त्याला डोळे उघडवेनात. घोरणं घशातच अडकलं.

"आई, झोपलेत ना?" बाहेरून मुलीने विचारलं. तिचा आवाज पुन्हा बारीक झाला होता.

"झोपलेत की. आलेच मी," बायको मोठ्याने म्हणाली. मग तिने त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"थांबू नका," ती म्हणाली. "तिचं सांगून व्हायचंय अजून."